रोज अर्धा फेरा

“गाडी म्हातारी झालेली नाही. तिचा जोर आत दबून राहिलाय. तो मी बाहेर काढणार! आणि तोही संपूर्ण सुरक्षितपणे!”

जपूनरावांनी जेवणाच्या टेबलावर ही घोषणा केली, तेव्हा बायकोने फक्त पाण्याचा तांब्या त्यांच्या कोपरापासून लांब सरकवला. वीस वर्षांच्या संसारात ती एवढं शिकली होती.

जपूनराव एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते. खरं नाव चांगलं भारदस्त होतं, पण दर दुसऱ्या वाक्याला “जपून!” म्हणायची खोड असल्यामुळे कामगारांनी त्यांना नवं नाव देऊन टाकलं, आणि ते घरापर्यंत पोचलं. घरातल्या शिडीची तपासणी महिन्याला, कुकरच्या शिट्टीची आठवड्याला, आणि या सगळ्याची नोंद लाल पुठ्ठ्याच्या वहीत. वहीत आहे ते जगात आहे, वहीत नाही ते जगात नाही, असा त्यांचा साधा हिशोब होता.

त्यांची डिझेल गाडी सोळा वर्षांची. पहिली चौदा वर्षं ती तक्रार न करता धावली. गेली दोन वर्षं मात्र घराजवळचा पाण्याच्या टाकीचा चढ आला, की तिला धाप लागायची. काळा धूर सोडत ती पहिल्या गिअरमध्ये रडतखडत वर जायची.

“काल एक बाई बाळाची ढकलगाडी घेऊन आपल्या पुढे गेली,” बायको म्हणाली. “आणि मागे वळून हसली!”

“उतारावर आपण तिला गाठलं असतं.”

“पुढच्या रविवारी दादा येतोय. त्याच्यासमोर ही टाकीचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये चढली तर ठेवू. नाही चढली तर तो तिथूनच तिला भंगारात घेऊन जाईल. माझं त्याच्याशी बोलणं झालंय.”

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. जपूनरावांनी हातातला घास ताटात ठेवला. याच गाडीतून त्यांनी तीन दिवसांची लेक दवाखान्यातून घरी आणली होती, ताशी बारा किलोमीटर वेगाने! मागे हॉर्नचा कल्लोळ चालला होता आणि जपूनराव खिडकीतून हात काढून सगळ्यांना “जपून!” म्हणत होते. लेक आता दूर वसतिगृहात राहते. पण गाडीचं मागचं दार उघडलं, की त्यांना अजून तो दिवस आठवतो. अशी गाडी भंगारात? छे!

दुसऱ्याच दिवशी ते चढाच्या पायथ्याशी असलेल्या मिस्त्रीकडे गेले.

“मिस्त्री, टर्बोचा दाब वाढवायचाय. सुरक्षितपणे.”

टर्बो म्हणजे इंजिनात जोराने हवा भरणारा पंखा. त्याच्या बाजूला एक सळी असते. नट फिरवून ती आखूड केली, की जास्तीची हवा सोडून देणारी झडप उशिरा उघडते आणि दाब वाढतो. जपूनरावांनी हे सगळं वाचून, आकृती काढून, आकृतीखाली सही करून आणली होती.

मिस्त्रीने आकृती बघितली आणि हात पुसले. “साहेब, आधी हवा आत जाते का ते बघा. नाक चोंदलेल्या माणसाला कुणी पळायला लावत नाही.”

“हवेचा फिल्टर मी स्वतः बदललाय. दोन वर्षांपूर्वी. वहीत नोंद आहे.”

“आणि फिल्टरच्या आधीची नळी? पुढे दिव्याजवळ तिचं तोंड असतं बघा.”

“त्यात काही अडकल्याची नोंद नाही,” जपूनराव म्हणाले.

मिस्त्रीने आकृती परत दिली. ज्याच्याकडे नोंद आहे त्याच्याशी वाद घालू नये, एवढं त्याला कळत होतं.

जपूनरावांनी दाब दाखवणारं काट्याचं घड्याळ आणलं. चालकाने रस्त्यावरून नजर हलवू नये, हा नियम. म्हणून घड्याळ बायकोच्या बाजूला बसलं. रोज सकाळी हेल्मेट, हातमोजे, आग विझवायचं नळकांडं असा जामानिमा करून ते नट फक्त अर्धा फेरा फिरवत. अर्ध्यापेक्षा जास्त नाही! मग चाचणी. नियम क्रमांक सात वहीत लाल शाईने लिहिलेला होता: काटा एकच्या वर गेला की ताबडतोब पाय उचलणे.

“वाच!” चढ लागताच ते ओरडत.

बायको मांडीवर मटारच्या शेंगा घेऊन बसलेली असे. “शून्य पॉइंट चार. शेंगा कोवळ्या आहेत हं.”

“आता?”

“चारच.”

दुसऱ्या दिवशी अर्धा फेरा. चार. तिसऱ्या दिवशी अर्धा फेरा. चार. सहाव्या दिवशी काटा किंचित हलला. जपूनरावांनी गाडीतच टाळी वाजवली आणि नंतर दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढल्याबद्दल स्वतःला वहीत ताकीद दिली. अकरा दिवस झाले, अकरा अर्धे फेरे झाले, काटा साडेचारला अडकून बसला. एखादा उतावळा माणूस या टप्प्यावर विचारात पडला असता. पण जपूनराव सावध माणूस! त्यांनी वहीत शेरा मारला: “गाडी हळूहळू सुधारते आहे.”

बाराव्या दिवशी रविवार उजाडला. दादा पांढरा शर्ट घालून एकटेच आले. वहिनी गेली दोन वर्षं या घरी येत नव्हत्या. का, ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी वहिनी चार दिवस राहून गेल्या, आणि त्याच आठवड्यात बायकोच्या सहा पिवळ्या टॉवेलांच्या संचातला एक नाहीसा झाला. बायकोने फोनवर नुसतं “चुकून तुझ्या बॅगेत गेला का गं?” असं विचारलं होतं. पण त्या ‘चुकून’चा सूर काही बरोबर लागला नव्हता.

“भावोजी, बॉनेट उघडा बरं,” दादा म्हणाले. “निरोप द्यायच्या आधी एकदा तोंड बघून घेतो.”

बॉनेट उघडलं. दादा वाकले, बायकोही वाकली. आणि तिने दिव्याजवळच्या काळ्या नळीच्या तोंडात बोट घातलं.

“हे पिवळं काय आहे?”

तिने ओढलं. नळीतून हातभर पिवळा टॉवेल बाहेर आला, धुळीने काळवंडलेला!

जपूनरावांच्या डोळ्यांपुढे लख्ख प्रकाश पडला. दोन वर्षांपूर्वीची सकाळ. महिनाभर परगावी जायचं होतं. शेजाऱ्याच्या गाडीत उंदरांनी घर केलं होतं. आपल्या गाडीत शिरू नयेत म्हणून नळीत कोंबायला त्यांनी दोरीवरून हाताला लागेल ते ओढलं होतं! वही मात्र तेव्हा बॅगेत भरून झाली होती. म्हणून नोंद नाही. म्हणून आठवण नाही.

“हा इथे कसा आला?” बायकोने विचारलं. तिचा आवाज फार हळू होता.

वीस वर्षं ज्या माणसाने कामगारांना “अपघात झाला तर आधी खरं सांगा” असं शिकवलं, तो माणूस म्हणाला, “उंदीर!”

“उंदीर?”

“ओढून नेतात. फार ताकद असते त्यांच्यात.”

“आणि चौपदरी घडी घालून ठेवतात?” दादांनी विचारलं.

“चला, चला! चाचणीला उशीर होतोय!” जपूनराव गाडीत बसले सुद्धा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. तिथून निसटायच्या घाईत त्यांना एक बारीकशी गोष्ट सुचली नाही. नाक मोकळं झालं होतं, पण अकरा अर्धे फेरे तसेच होते!

चढ लागला. तिसरा गिअर. दादा मागे, बायको पुढे, मांडीवर शेंगांऐवजी टॉवेल.

“वाच!”

“पाच. सात. अहो, नऊ!”

गाडीने अशी उसळी घेतली की जपूनरावांची पाठ सीटला चिकटली. सोळा वर्षांत पहिल्यांदा! ढकलगाडीवाली बाई समोरून झर्रकन मागे गेली. जपूनरावांनी तिला हात दाखवला. स्टिअरिंगवरचा हात! नियम, वही, लाल शाई, सगळं वाऱ्यावर.

“एक! अहो, एकच्या वर गेला! एक पॉइंट दोन! चार! आता आकडेच संपले!”

“बघितलंत दादा? म्हातारी म्हणत होतात ना हिला!”

धडाम्!

टर्बोकडून इंजिनाकडे जाणारा रबरी पाइप दाबाने निसटला. गाडीने एक मोठा सुस्कारा टाकला आणि मागे काळ्या धुराचा ढग सोडून ती चढाच्या बरोबर मध्यावर थांबली. डावीकडे एक रंगारी सकाळपासून कुंपणाची भिंत पांढरी करत होता. धूर विरला तेव्हा तो ब्रश हातात धरून काळ्या भिंतीकडे बघत उभा होता. ढकलगाडीवाली बाई खोकत पुन्हा पुढे निघून गेली. या खेपेला ती हसली नाही. तिला कीव आली असावी.

आवाज ऐकून मिस्त्री पाना घेऊन चढ चढत आला. त्याने निसटलेला पाइप बघितला, सळी बघितली, जपूनरावांकडे बघितलं. मग सवयीने हवेच्या फिल्टरचा डबा उघडला. फिल्टरवर एक लाल पुठ्ठ्याचा बिल्ला पडला होता. कारखान्यात दुरुस्तीला काढलेल्या यंत्रावर टांगतात, तसला.

“वाचा ना मोठ्याने,” बायको म्हणाली.

मिस्त्रीने वाचलं. “‘धोका. नळीतला टॉवेल काढल्याशिवाय गाडी चालू करू नये.’ खाली तारीख. खाली सही. साहेब, ही सही त्या आकृतीखाली होती तीच.”

“तो बाहेर का नाही टांगलात?” दादांनी विचारलं.

“वाऱ्याने उडाला असता,” जपूनराव खाली मान घालून म्हणाले. “म्हणून जपून नळीत, टॉवेलच्या मागे खोचला होता.”

मिस्त्री खोकल्याचं निमित्त करून वळला. दादा मात्र हसले नाहीत. “तुझा फोन आल्यावर तुझ्या वहिनीने चार दुकानं फिरून हाच पिवळा रंग शोधला होता,” ते बहिणीला म्हणाले. “सहा टॉवेल पाठवले. तू ते परत पाठवलेस.”

बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते त्याच काळवंडलेल्या टॉवेलने पुसलं आणि तिचं तोंडही भिंतीसारखं झालं.

जपूनरावांना फार वाईट वाटलं. गाडी गेली तर जाऊ दे, असं त्यांना त्या बारा दिवसांत पहिल्यांदाच वाटलं. “चूक माझी,” ते म्हणाले. “टॉवेल मी कोंबला, विसरलो मी, आणि मघाशी खोटंही मीच बोललो. उंदीर मीच!”

“ते आम्हाला घडी बघूनच कळलं होतं,” बायको म्हणाली.

मिस्त्रीने पाइप बसवला, घट्ट आवळला, आणि अकरा अर्धे फेरे उलटे फिरवले. गाडी चढाच्या पायथ्याशी नेली. तिसरा गिअर टाकला. काटा सातवर शहाण्यासारखा थांबला आणि गाडी सरळ वर चढून गेली. तिला काही झालंच नव्हतं. दोन वर्षं बिचारी नाक दाबलेल्या अवस्थेत घरच्यांची सेवा करत होती.

“ठेवा गाडी,” दादा म्हणाले. “पण आधी माझ्या घरी चला.”

संध्याकाळी जपूनराव वहिनींच्या दारात उभे होते. भिंत पुन्हा पांढरी करून देताना रंग लागलेले कपडे अंगावर तसेच होते, आणि बायकोने सक्त ताकीद देऊन गळ्यात लाल बिल्ला अडकवला होता. ‘धोका’ तेवढा ठेवून बाकीचं खोडून तिने तिथे दुसरं लिहिलं होतं. वहिनींनी चष्मा लावून सावकाश वाचलं: “धोका. माफी मागितल्याशिवाय यांना घरात घेऊ नये.”

जपूनरावांनी माफी मागितली. सगळी, उंदरासकट. बायकोने काही मागितली नाही. ती नुसती पुढे झाली आणि वहिनींच्या गळ्यात पडली, आणि मग बराच वेळ दोघी एकदमच बोलत होत्या.

“आता हा बिल्ला काढू का?” जपूनरावांनी विचारलं.

“चहा होईपर्यंत असू दे, भावोजी,” वहिनी म्हणाल्या.

त्या दिवशी चहा तीनदा झाला.