भर दुपारची हाक

परब भाऊजी भर दुपारी आमच्या सोसायटीच्या मागच्या अंगणात एकटेच हॉकी खेळतात, आणि हरतात.

म्हणजे असं. भिंतीवर खडूने आखलेला गोलपोस्ट. त्याच्यासमोर पॅड, ग्लोव्हज, हेल्मेट असा सगळा जामानिमा चढवून भाऊजी उभे. ते स्टिकने बॉल समोर ढकलतात. बॉल घरंगळत जातो आणि थांबतो. समोर कुणीही नसतं, नुसती एक लहान मुलांची स्टिक कंपाउंडला टेकवलेली असते. भाऊजी वाट बघतात. मग एकदम उजवीकडे झेप घेतात, न आलेल्या बॉलवर, आणि पडल्या पडल्या ओरडतात, "शाब्बास इरा! झकास मारलास!"

आमचा वॉचमन त्या वेळी मागे फिरकत नाही.

एरवी माणूस मोठा गमतीचा. एका कंपनीच्या टीमचे हे जुने गोली, म्हणजे गोलकीपर. गोलीला सगळं मैदान दिसतं, म्हणून त्याचं निम्मं काम ओरडण्याचं; टीम सुटली तरी ओरडणं सुटलं नाही. पहाटेची शिफ्ट संपवून घरी आले की गॅलरीतून अख्ख्या सोसायटीला खेळवतात. "वैनी, अँगल बंद करा! भाजीवाला सडका टोमॅटो डावीकडून आत सोडतोय!" माझा नवरा स्कूटर लावत असला की, "मागे बघ रे, मागे! रिक्षा मोकळी सुटलीय!" सोसायटीच्या मीटिंगला ते दारातच गुडघे वाकवून उभे राहतात, त्यामुळे निम्म्या सभासदांना बाहेरूनच हात वर करावा लागतो. उतू जाणाऱ्या दुधापासून डासांपर्यंत सगळ्यावर त्यांचं एकच औषध: अँगल बंद करा, म्हणजे पुढे सरून बॉलची वाट अडवा.

इरा त्यांची मुलगी. ती पहिलीत असताना तिची आई तिला घेऊन वेगळी झाली. मे महिन्याच्या सुट्टीतला एक आठवडा बापाकडे, असं ठरलं होतं. पण आईची बदली पार गुवाहाटीला झाली आणि ते राहूनच गेलं. फोन व्हायचे. व्हिडिओ कॉल मात्र भाऊजी कधी घ्यायचे नाहीत. "रेंज नसते वैनी," म्हणायचे. मुलुंडमध्ये, मोबाइलच्या टॉवरखाली राहून!

माझ्या सासूबाई मालवणच्या. त्यांना हा खेळ मुळीच खपत नसे. खिडकी लावून घेत त्या म्हणायच्या, "भर दुपारी अशी हाक मारूची नाय गो. भलतोच कोणतरी ओ देता." मी हसून सोडून द्यायचे. पण ओट्याशी एकटी असले की हसू यायचं नाही. खाली बॉल थांबायचा, भाऊजी कान देऊन काहीतरी ऐकायचे, मान डोलवायचे आणि अगदी साध्या आवाजात म्हणायचे, "हो गं, पण आधी पाणी पी."

यंदा आईची बदली ठाण्याला झाली आणि इरा खरोखर आली. चांगली उंच झालेली, खांद्यावर स्वतःची स्टिक. मला वाटलं, चला, सुटलो एकदाचे. पण दोनच दिवसांनी ती आमच्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"काकू, इथे कुणी लहान मुलगी राहते का?"

"नाही गं. का?"

"बाबा माझ्याशी बोलतो ना, तेव्हा माझ्याकडे बघतच नाही. इथे बघतो." तिने ओट्याच्या उंचीवर, हवेत, तळहात धरला. "काल जेवताना त्याने इरा म्हणून हाक मारली. मी ओ दिली. त्याला ऐकूच गेली नाही. तो तेव्हा कुणालातरी 'अजून भात घे' म्हणत होता."

मी गॅस बारीक केला. सासूबाईंनी निवडायला घेतलेली भाजी बाजूला ठेवली.

"अगं, तू त्यांच्याबरोबर खेळ तरी," मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

"रोज खेळते ना! पास इतका हळू देतो की माझ्यापर्यंत पोचतच नाही. आणि मी मारायच्या आधीच पडतो." तिचे डोळे भरून आले. "मला भीती वाटते काकू. आई म्हणालीय, यापुढे जायचं की नाही ते तूच ठरव. मी आज तिला सांगणार, मला ने. पुन्हा नाही यायचं मला."

त्या दुपारी मी खिडकी उघडीच ठेवली. सासूबाईही माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या. खाली भाऊजींनी बॉल हळूच ढकलला. तो अर्ध्या वाटेत थांबला. इरा चालत बॉलपाशी आली तोवर भाऊजी झेप घेऊन आडवे झालेले. "शाब्बास इरा!"

"मी अजून मारला नाहीये," इरा म्हणाली.

भाऊजींनी ओट्याच्या उंचीवर बघून मान डोलवली.

"बाबा, ऊठ. मी अजून मारला नाहीये!"

ते उठून उभे राहिले आणि तिने मारला. असा मारला की बॉल त्यांच्या खांद्यावरून जाऊन भिंतीवर आदळला आणि प्लास्टरचा पोपडा उडाला. भाऊजी मटकन खाली बसले. त्यांनी पडलेल्या पोपड्याकडे पाहिलं, मग तिच्या बुटांकडे. मग नजर वर चढत गेली, नेहमीच्या जागी जराशी थांबली आणि तिथून वर, तिच्या चेहऱ्यापर्यंत पोचली.

"एवढी कधी झालीस गं?"

"तू तिच्याशी खेळत होतास तेव्हा."

सगळ्या सोसायटीला ओरडून खेळवणारा तो माणूस ग्लोव्हजने पोपड्याचे तुकडे गोळा करू लागला. मला इकडे रडूच आलं.

"मला वाटायचं, मोठी झालीस की बाप लागणार नाही तुला," ते शेवटी म्हणाले. "म्हणून मी तिला मोठं होऊच दिलं नाही." मग अगदी खालच्या आवाजात विचारलं, "पुढच्या सुट्टीत येशील?"

इरा स्टिक खाली ठेवून जवळ आली.

"आधी ते हेल्मेट काढ," ती म्हणाली. "जाळीतून कळत नाहीये, तू रडतोयस की काय."

भाऊजी पट्टा चाचपू लागले, पण त्या जाड्या ग्लोव्हजमध्ये त्यांना तो सापडेना. इरा त्यांच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसली आणि तिने तो हनुवटीखालून सावकाश सोडवला.