आतून काहीतरी गळतंय

मी ते मोठं, जगप्रसिद्ध संकेतस्थळ सोडलं, त्याला कारण गुडघ्याचा पट्टा झाला.

त्याचं असं झालं. एका संध्याकाळी मी 'एकाकीपण' या विषयावर बऱ्यापैकी खोल असं काहीतरी लिहून टाकलं. (मी विमा कंपनीत आवक-जावक सांभाळतो. दिवसभर दुसऱ्यांच्या पत्रांवर शिक्के मारणाऱ्या माणसाला संध्याकाळी स्वतःचं काही लिहावंसं वाटलं, तर त्यात गैर काय?) लिहिलं आणि वाट बघत बसलो. मित्रयादीत माणसं ढीगभर, पण दाद आली ती एकट्या मेहुण्याची, आणि तीही हसऱ्या तोंडाची. खाली लगेच गुडघ्याच्या पट्ट्याची जाहिरात. एवढं मन मोकळं केलं, त्यातून त्या यंत्राला कळलं काय, तर माझं वय.

"सोडतो मी हे," मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन जाहीर केलं.

"काय, नोकरी?" बायकोच्या हातातली बशी थांबली.

"नाही गं. ते, जिथे मी लिहितो ते."

"मग सोडा की," म्हणून तिने बशी पुसायला घेतली. तिच्यामागे नळ नेहमीप्रमाणे टिपटिप करत होता. "आणि सोडून वेळ मिळाला तर हा नळ तेवढा बघा. कधीची सांगतेय."

आमच्या ऑफिसातला कॅशियर या बाबतीत पुढारलेला. त्याने मला नव्या जाळ्याची माहिती दिली. या जाळ्याला एक मालक नाही. ठिकठिकाणी लोकांनी आपापले छोटे सर्व्हर थाटलेले असतात. आपण त्यांतला एक निवडून त्यात बिऱ्हाड करायचं, आणि तिथून कुठल्याही सर्व्हरवरच्या कुणाशीही बोलायचं. जाहिराती नाहीत. मी घरी येऊन हे सगळं मोठ्या उत्साहाने बायकोला समजावलं.

"मालक नाही, तर मग झाडलोट कोण करतं?" तिने विचारलं.

"ज्याची त्याने करायची."

"म्हणजे तुम्हाला नाही जमणार."

हे संभाषण मेहुणा ऐकत होता. तो दर रविवारी येतो आणि खिडकीजवळच्या माझ्या आरामखुर्चीत बसतो. त्या खुर्चीत बसल्याशिवाय मला धड विचार करता येत नाही, हे त्याला माहीत आहे. (म्हणूनच बसतो, असा माझा संशय आहे.)

"भावजी, महिन्याच्या आत परत याल तुम्ही," तो पाय लांब करत म्हणाला. "तिकडे कुत्रं विचारणार नाही तुम्हाला."

"नाही आलो तर?"

"तर ही खुर्ची तुमची. मी आपला स्टुलावर बसेन. पण आलात, तर दर रविवारी खुर्ची माझी, आणि उठा म्हणायचं नाही."

खुर्ची मुळात माझीच होती, हे पैज लावून झाल्यावर माझ्या लक्षात आलं.

आता सर्व्हर निवडायचा होता. यादी बघून डोळे फिरले. शेवटी एका नावावर नजर ठरली: 'प्रवाह'. वा. विचारांचा प्रवाह, जीवनाचा प्रवाह. साहित्यिक मंडळींचाच असणार. आत गेल्यावर पहिलाच नियम दिसला: 'आधी मेन कॉक बंद करा, मग बोला.' मी गहिवरलो. आधी मनाचा कोलाहल थांबवा, मग शब्द उच्चारा. आणि तेही किती साध्या, घरगुती प्रतिमेत. मी नियम मान्य केला, दोनदा वाचून पाठ केला आणि पहिली ओळ लिहिली:

'आज आतून काहीतरी गळतंय.'

चहाचा कप संपायच्या आत उत्तरं आली. उत्तरं, अनेकवचनी.

'सतत, की थेंब थेंब?' एक दंतवैद्य विचारत होता.

मी डोळे मिटून विचार केला आणि लिहिलं, 'थेंब थेंब. पण वर्षानुवर्षं.'

'मग वॉशर गेलाय,' निवृत्त मुख्याध्यापिका असलेल्या एका बाईंनी लिहिलं. त्याच हा सर्व्हर चालवत होत्या आणि सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. 'एवढी वर्षं अंगावर काढायला नको होतं.'

मला भरून आलं. आजवर मला इतक्या आपुलकीने कुणी रागावलं नव्हतं. मग काय, मी सुटलोच. 'मन तुंबलंय' असं लिहिलं, तर दंतवैद्याने तत्काळ विचारलं, 'नेमकं कुठे? आत, की बाहेरच्या चेंबरमध्ये?' मी कितीतरी वेळ त्या प्रश्नापाशी थांबलो. 'दाब असह्य होतोय' असं लिहिलं, तर बाई म्हणाल्या, 'वरच्या मजल्यावर राहता का?' (राहतो. त्यांना हे कसं उमगलं, याचं मला आश्चर्य वाटलं.) आठवडाभर मी हवेत होतो. माझ्या म्हणण्याची कुणीतरी विचारपूस करत होतं आणि मी ऑफिसात शिक्के मारताना शीळ घालत होतो.

न राहवून एका संध्याकाळी मी फोन बायकोपुढे धरला. "वाच. याला म्हणतात रसिक."

तिने वाचलं. मग माझ्या लिखाणाने कधी आणला नव्हता असा आनंद तिच्या चेहऱ्यावर पसरला.

"अगबाई, शेवटी नळाचं विचारलंत होय," ती म्हणाली. "मला वाटलं, विसरलात."

"नळाचं?"

"हे काय, वॉशर गेलाय म्हणतात ना. चेंबर तपासा म्हणतात. किती बारकाईने विचारतात हो. आणि मी उगीच तुम्हाला बोलत होते."

मी फोन परत घेतला आणि 'प्रवाह'ची माहिती पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचली. घरच्या घरी नळ, पाइप आणि टाक्या दुरुस्त करण्याची हौस असणाऱ्यांचा सर्व्हर, असं तिथे स्वच्छ लिहिलं होतं. वर पान्याचं चित्रही होतं. मी ते इतके दिवस लेखणी समजत होतो.

कान गरम झाले. तडक निघून जावं, असं वाटलं. पण जाणार कुठे? परत गेलो तर खुर्ची जाणार. खरं सांगायचं तर खुर्चीचंही एवढं नव्हतं. मला त्या लोकांची सवय लागली होती. नळाबद्दल का होईना, ती माणसं मला उत्तर देत होती. आणि इकडे बायको माझ्याकडे अशा आदराने बघत होती, की तिला खरं सांगायला जीभ रेटेना. मी मुकाट्याने वॉशर विकत आणला.

पैजेच्या महिन्याचा शेवटचा रविवार उजाडला. मी पाना घेऊन सिंकपुढे उभा राहिलो. मेहुणा मागून आला.

"भावजी, तुम्ही कागदवाले. द्या इकडे," म्हणत त्याने पाना ओढून घेतला आणि सारा जोर लावून नळाला पीळ दिला.

नळ त्याच्या हातात आला. आख्खा. भिंतीतून पाण्याचा जो फवारा सुटला, तो थेट त्याच्या चष्म्यावर. बायकोने बशा वाचवल्या. मेहुणा नळ परत भोकात कोंबायला बघत होता आणि पाणी त्याच्या बाह्यांतून शिरून पाटलोणीतून बाहेर पडत होतं.

"काहीतरी करा ना," बायको ओरडली. कुणाला उद्देशून, ते कळलं नाही. पण मेहुणाही माझ्याचकडे बघत होता.

त्या क्षणी माझ्या डोक्यात एकच वाक्य घुमलं. आधी मेन कॉक बंद करा, मग बोला. मी बोललो नाही. मी न्हाणीघराच्या दारामागे गेलो, गंजलेला कॉक दोन्ही हातांनी फिरवला, आणि फवारा खाली बसला. (कॉक कुठे आहे हे मला माहीत होतं, कारण गेली कित्येक वर्षं मी त्याला टॉवेल अडकवतो.)

मग मी बोललो. भिंतीचा फोटो काढून 'प्रवाह'वर टाकला आणि लिहिलं, 'नळ उपटला आहे. मदत करा.' आयुष्यात पहिल्यांदा मी प्रतिमेवाचून काही लिहिलं होतं. उत्तरं धो धो आली. आटे पुसून कोरडे करा. पांढरी टेप आट्यांच्याच दिशेने गुंडाळा. जुना वॉशर काढा, नवा बसवा. 'हाताने घट्ट होईल तेवढाच करा, मग पान्याने थोडासा,' बाईंनी बजावलं. 'दात बसवताना मीही तेच करतो,' दंतवैद्याने धीर दिला. त्यांनी सांगितलं तसं मी केलं. बायको टॉर्च धरून उभी होती. मेहुणा फडक्याने फरशी पुसत होता, कुणी न सांगता.

कॉक उघडला. तिघंही नळाकडे बघत राहिलो. एक थेंब नाही. टिपटिप गेली होती.

"जमलं हो तुम्हाला," बायको म्हणाली, आणि माझ्या खांद्यावरचं पाणी स्वतःच्या पदराने पुसलं. मेहुणा माझ्या लुंगीत गुंडाळलेल्या अवस्थेत स्टुलावर जाऊन बसला. मी आरामखुर्चीत बसलो. ती एवढी ऐसपैस आहे, हे मला पूर्वी जाणवलंच नव्हतं.

त्या विजयाच्या भरात मी 'प्रवाह'वर सगळं कबूल केलं. मी नळवाला नाही, साहित्यिकांचा सर्व्हर समजून घुसलो, क्षमा असावी.

'पहिल्याच दिवशी कळलं होतं,' बाईंनी लिहिलं. 'नळवाला नुसतं गळतंय म्हणतो. आतून काहीतरी गळतंय, असं म्हणत नाही.'

'मग मला काढलं का नाहीत?'

'कुणीतरी उत्तर द्यावं एवढंच तुम्हाला हवं होतं. ते आमच्याकडे भरपूर आहे. राहा आता.'

मी राहिलो. नुसता राहिलो नाही, तर नवख्यांना सल्लेही देऊ लागलो. परवा 'टिपटिप' नावाच्या कुणा नवीन सदस्याने विचारलं, 'घरात एक जुनं मॉडेल आहे. आतून सारखं गळतं, अधूनमधून तुंबतं, दुपारी फार आवाज करतं. बदलून टाकावं का?'

मी सगळ्यांच्या आधी धावलो. अनुभवी माणसाच्या थाटात लिहिलं, 'घाई नको. आधी फोटो टाका.'

फोटो आला. खिडकीजवळच्या आरामखुर्चीत, तोंड उघडं टाकून झोपलेला मी.

'बदलू नका,' बाईंचं उत्तर आलं. 'या मॉडेलचे भाग आता मिळत नाहीत. खाली बादली ठेवा.'

त्या उत्तराला जेवढी दाद मिळाली, तेवढी माझ्या सगळ्या लिखाणाला मिळून मिळालेली नाही. पहिली दाद मेहुण्याची होती. तोही आता 'प्रवाह'वर राहायला आलाय.