पोटातली पलटण

आमच्या पलूसचे ज्ञानू हवालदार रामराम करत नसत. भर बाजारात विचारत, "काय मास्तर, पोटातली पलटण काय म्हनती?" मग मी बिचारा, शाळेतली पोरं आजूबाजूला असताना, सकाळचा वृत्तान्त हळू आवाजात सांगायचो.

फौजेत ते जनावरांच्या दवाखान्यात होते. तिथल्या डॉक्टरसाहेबांनी एकदा सांगितलं, की गाईच्या पोटात डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात, चारा पचवतात ते. झालं! पेन्शनीत येताना हवालदारांनी एवढंच ज्ञान बरोबर आणलं. "गवात गाय खाती मास्तर, पर गाईला पोसत्यात ते!"

मी हसायचो. पण एकदा आमची कपिला वैरणीला तोंड लावेना. शहाणपणा करून मी तिला तीनदा एरंडेल पाजलं. रवंथही थांबला. वासरू आठ दिवसांचं, आणि आचळ सुकलेलं.

हवालदार आले. कपिलाच्या डाव्या कुशीला कान लावून बराच वेळ उभे राहिले.

"आवं, घाण काढाय गेला आन् सगळी पलटणच भाईर घालवली की तुमी!"

त्यांनी आपली म्हातारी भाकड गाय आणली. ती रवंथ करू लागताच, "दे गं बाई जरा," म्हणत तिच्या तोंडातला घास काढला, कोमट पाण्यात कालवला.

"शी! दुसरीचं उष्टं?" बायको ओरडली.

"वैनी, जनावराला कसलं आलंय सोवळं?" म्हणत त्यांनी बांबूच्या नळकांड्यानं तो कपिलाला पाजला.

असं तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी कुशीला कान लावून म्हणाले, "वाजाय लागलं!" मीही कान लावला. मला शेपटीचा फटका तेवढा ऐकू आला. पण दुपारी कपिला रवंथ करत होती, आणि वासरू ढुशा देत होतं.

"भावजी, तुम्हाला काय देऊ?" बायकोनं विचारलं.

हवालदार खाली बघत म्हणाले, "वाटीभर इरजण द्या."

"एवढंच?"

"आमची ही गेली तवा मी पलटणीत. आलो तर गाडग्यातलं दही वाळून गेल्यालं. तुमच्या घरातलं इरजण तिनंच दिल्यालं न्हवं? ते मोडलं नसंल तर..."

"नाही मोडलं. रोज त्याचंच लावते," म्हणत बायको आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदार अंगणात हजर.

"काय झालं?" मी घाबरून विचारलं.

"काय न्हाई. दही लागलं. म्हटलं, कुनालातरी सांगावं."