डबे उघडा मोहीम

साहेब उद्या अकरा वाजता आपलं स्वयंपाकघर बघायला येणार, एवढंच सेक्रेटरींनी बायकोला सांगितलं आणि तिथेच सगळं चुकलं. सेक्रेटरी म्हणजे खरं तर घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. विरोधी पक्षाच्या गल्लीतल्या शाखेचं चिटणीसपद अकरा वर्षं इमानेइतबारे सांभाळलं, म्हणून लोकांनी त्यांना हे नाव दिलं होतं.

झालं होतं असं, की महागाई उतरली म्हणून सरकारने आकडे देऊन जाहीर केलं. त्यावर साहेबांनी, म्हणजे पक्षाच्या पुढाऱ्यांनी, 'डबे उघडा' मोहीम काढली. सामान्य माणसाच्या घरात जायचं, कॅमेऱ्यासमोर त्याचे डबे उघडायचे आणि सरकारला त्यांचे तळ दाखवायचे. पहिलं घर सेक्रेटरींनी आपलंच सुचवलं. महिन्याची अठ्ठावीस तारीख, तेव्हा तळ दाखवायला वेगळी तयारी करावी लागणार नव्हती. पण हे बायकोला सांगायची मात्र त्यांची छाती झाली नाही.

बायकोला अख्खी इमारत वहिनी म्हणायची. घड्याळजीच्या कमाईत वहिनींनी अठरा वर्षं घर चालवलं होतं आणि ते कसं चालतं याचा कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. त्यांना अभिमान होता तो एवढ्याच गोष्टीचा. एवढा मोठा माणूस डबे बघायला येतोय म्हणजे आपल्या संसाराची परीक्षाच, असं त्यांनी धरलं. डबे घासूनपुसून लख्ख केले. आत हात घातला तर तो कोपरापर्यंत जात होता.

मग वहिनी भांडी घेऊन शेजारी निघाल्या. निवृत्त पोस्टमनकाकांनी साखर दिली, वरच्या नर्सबाईंनी तेल, शाळेतल्या बाईंनी तांदूळ, ड्रायव्हरच्या आईने पीठ आणि चहापूड. "न्या हो, आमच्याकडे ढीग पडलाय," असं प्रत्येकाने सांगितलं, आणि प्रत्येकाने आपला डबा असा तिरका धरून ओतला की आतलं काही दिसू नये. वहिनींनीही तिकडे मुद्दाम पाहिलं नाही. या इमारतीत माणसं एकमेकांना असं सांभाळून घ्यायची.

साहेब अकराचे आले दीड वाजता. कॅमेरे लागले, थेट प्रक्षेपण सुरू झालं. तेलावरच्या करापासून सुरुवात करून साहेबांनी सरकारला चांगलं धारेवर धरलं. सरकारच्या आकड्यांनी पोट भरत नाही, घराघरांतले डबे खडखडाट करताहेत, असं म्हणता म्हणता त्यांनी फळीवरचा डबा खाली घेतला. "हा बघा, या माउलीचा डबा."

साखर काठोकाठ होती. दुसऱ्यात तांदूळ, तेही तसेच. तिसऱ्याचं झाकण जोर लावून काढलं, तेव्हा पीठ उसळून साहेबांच्या काळ्या जाकिटावर सांडलं. सेक्रेटरी त्या पिठाइतकेच पांढरे पडले. वहिनी मात्र परीक्षेत पहिल्या आल्यासारख्या उभ्या होत्या.

"म्हणजे महागाई उतरली, हे सरकारचं म्हणणं खरं समजायचं का?" बातमीदार मुलीने विचारलं.

"हे घर अपवाद आहे," साहेब म्हणाले.

"अपवाद कसला? आमच्याकडे नेहमीच असं असतं," वहिनी म्हणाल्या.

हा अपवाद कसा, ते पटवून द्यायला साहेब आणखी पाऊण तास बोलले आणि तिथे इमारतीची पंचाईत झाली. अकराचा कार्यक्रम बाराला आटोपेल, अशा बेताने सगळ्यांनी सामान दिलं होतं. नर्सबाईंची तीनची ड्यूटी, आणि चुलीवरची कढई कोरडी. त्या वाटी घेऊन दारात आल्या, कॅमेरा बघून थबकल्या आणि खालमानेने आत येऊन तेल घेतलं. शाळेतल्या बाई उपाशीच घरी परतल्या होत्या, त्यांनी तांदूळ मागितले. ड्रायव्हरच्या आईने पीठ आणि चहापूड पदराआड घेतली. पोस्टमनकाकांना चहाच्या बाबतीत आडपडदा ठाऊक नव्हता. "वहिनी, माझी साखर," ते म्हणाले, "चहाची वेळ टळली की माझं डोकं धरतं." दारात एवढी गर्दी झाली होती की आपलं सामान घेऊनही कुणाला बाहेर पडता येईना.

पाच मिनिटांत सगळे डबे रिकामे झाले आणि साहेबांना चेव आला. "बघा! अख्ख्या इमारतीचा किराणा एकत्र केला, तेव्हा कुठे एक स्वयंपाकघर भरलं. आमचं सरकार येऊ द्या. त्यानंतर हे डबे रिकामे दिसले तर मला जाब विचारा."

कॅमेरा वहिनींकडे वळला. अठरा वर्षं झाकून ठेवलेलं सगळं उघड्यावर पडलं होतं. त्यांचे डोळे भरून आले, पण मान खाली गेली नाही.

"आत्ताच विचारते," त्या म्हणाल्या. "मागच्या निवडणुकीआधी तुमचंच सरकार होतं. तेव्हा आत्ताचे अर्थमंत्री विरोधात होते, आणि ते या नर्सबाईंचे डबे बघायला आले होते. त्या डब्यातले तांदूळ माझे होते."

बातमीदार मुलीला हसू आवरेना. प्रक्षेपण घाईघाईने आटोपतं घेतलं गेलं. आपली अकरा वर्षांची सेवा पाण्यात गेली, हे सेक्रेटरींना दिसत होतं. तरी बायकोकडे बघताना त्यांची मान अशी ताठ झाली, जशी साहेबांच्या एकाही भाषणाने आजवर झाली नव्हती.

साहेब जाकीट झटकत निघाले. चहा घेतल्याशिवाय जायचं नाही, असं वहिनींनी बजावलं. साहेबांनी रिकाम्या डब्यांवरून नजर फिरवली आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "राहू द्या, वहिनी. उगाच कशाला."

हे 'राहू द्या' वहिनींना सगळ्यात जास्त लागलं. कॅमेरा त्यांनी सोसला होता, पण पाहुणा आपली कीव करून तोंडाला पाणीही न लावता जाणार, म्हणजे अब्रू गेलीच. तेवढ्यात पोस्टमनकाकांनी वाटीतली साखर मुकाट्याने परत डब्यात ओतली. ड्रायव्हरच्या आईने चहापूड पुढे केली. नर्सबाई ड्यूटीचं विसरून वरून दूध घेऊन आल्या.

चहा उकळला. खुर्च्या पुरेनात, म्हणून साहेब पोस्टमनकाकांशेजारी लाकडी पेटीवर बसले आणि काकांसारखाच बशीत ओतून चहा प्यायले. कप संपल्यावर त्यांनी जरा संकोचून विचारलं, "अजून अर्धा कप मिळेल?"

वहिनींनी पातेलं उचललं. "अर्धा का म्हणून? पूर्ण घ्या. या घरात अर्धा कप कुणाला दिलेला नाही."