चाळीस लिटर बिनताणाचं पाणी

माशांच्या पाण्यातलं माझ्याइतकं अख्ख्या जामखेडात कुणाला कळत नाही! हे मी गर्वाने नाही, अभ्यासाने सांगतेय. आता माझ्याकडे मासे नव्हते, ही गोष्ट वेगळी.

झालं असं, की तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात माझा पहिला नंबर आला आणि सरांनी खुश होऊन प्रयोगशाळेतली जुनी काचेची टाकी मला देऊन टाकली. चाळीस लिटरची! आत्याच्या दोन खोल्यांत ती अशी बसली, जशी एसटीत खिडकीजवळ जाडी बाई. मी केशरआत्याकडे राहते. दसरा झाला की आई आणि दादा, म्हणजे माझे वडील, ऊस तोडायला जातात आणि कारखाना बंद झाला की परत येतात. मधले पाच महिने आई म्हणजे फोनमधला आवाज. तोही चार्जिंग असेल तर!

दिवाळीत ती म्हणाली होती, "निके, हितं कोल्हारला पाटात मासे आसे चमकत्यात! बसून बगावं वाटतं. पर बसायला येळ कुठं?"

टाकी हातात आली आणि मी ठरवूनच टाकलं. आईला बसवायचं! टाकीसमोर, भिंतीला टेकून, हातात चहा. आणि आत मासे तिच्याच पाटातले! म्हणून फोनवर म्हटलं, "आई, माझ्यासाठी दोन मासे आण. पण जपून हं!"

"आनते की. लई जपून आनते!"

राहिलं पाणी. आमच्याकडे नळ आठव्या दिवशी येतो, आणि येतो तेव्हा ब्लीचिंगचा असा वास मारतो की माणसाने नाकाला पदर लावूनच हंडा भरावा. अशा पाण्यात मासा पोहत नाही, तो थेट उताणा होतो! त्यावर उपाय म्हणजे वॉटर कंडिशनर. जिल्ह्याच्या प्रदर्शनाला नगरला गेलो, तेव्हा सर जेवायला बसले आणि मी समोरचं माशांचं दुकान गाठलं.

दुकानदाराने तीन बाटल्या मांडल्या. "ही पांढरी, नुसती क्लोरीन काढते. ही निळी, क्लोरीन काढून पाणी चमकवते. आणि ही हिरवी कोरफडीची. क्लोरीन काढते, प्रवासात दमलेल्या माशाचा ताण घालवते, खरचटलेलं भरून आणते."

"प्रवास लांबचा असेल तर?"

"किती लांब?"

"कोल्हार ते जामखेड. ट्रकने."

"मासे ट्रकनं येणार?"

"हो. कोयते, भांडी आणि एक शेळी पण आहे सोबत."

त्याने पांढरी आणि निळी उचलून परत फळीवर ठेवली. "मग हिरवीच घे बाळा!"

मार्चमध्ये आईचा फोन आला, "शुक्रवारी निगतोय, दुपारपर्यंत घरी." त्या शुक्रवारच्या आधीच्या शनिवारी नळ आला. मी टाकी काठोकाठ भरली, बाटलीवर लिहिलेले थेंब मोजून टाकले आणि पहारा सुरू केला. कारण घरात एकीकडे हंडे रिकामे होत चाललेले आणि दुसरीकडे चाळीस लिटर पाणी आरामात बसलेलं!

"माशाचा पत्त्या न्हाई आन पाण्याला औशद!" आत्या दिवसातून चारदा म्हणायची. मंगळवारी पाहते तर बाटलीतलं औषध बोटभर कमी! आत्या कोपऱ्यात गुडघ्याला काहीतरी चोळत बसलेली.

"आत्या! ते माशांचं आहे!"

"मग? मासा बरा व्हतो आन मी न्हाई व्हनार?"

बुधवारी आरोग्य खात्याच्या पुष्पाताई डासांच्या तपासणीला आल्या. घरोघरी साठलेलं पाणी शोधून ओतायला लावणं हे त्यांचं काम. टाकी पाहून त्यांचे डोळे असे चमकले, जसे परीक्षेत कॉपी सापडलेल्या बाईंचे!

"उघडं पाणी! चार दिवसांचं! ओता!"

"नाही! यात मासे येणारेत!"

"कधी?"

"आई आली की."

"हे बघ, माझ्याकडं डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे आहेत, फुकट. सोडू का चार?"

खरं सांगते, क्षणभर मन हललं. पण आईच्या जागी गप्पी कसे चालतील? म्हणजे आईच्या माशांच्या जागी. "नको ताई," मी म्हटलं. "माझे वाटेवर आहेत."

"शुक्रवारी येते. मासे दिसले न्हाईत तर माझ्या हातानं ओतीन!"

शुक्रवारी दुपारी ट्रक थांबला आणि आई उतरली. पाच महिन्यांत ती इतकी वाळली होती, की साडीनेच तिला नेसलंय असं वाटत होतं. मी धावले. पाच महिन्यांचं सगळं बोलणं साठलेलं आणि तोंडातून बाहेर काय पडलं? "मासे?"

शेळी उतरवणारे दादा हसले. आई पण हसली. पिशवीतून तिने फडक्यात बांधलेला स्टीलचा डबा काढला. मी झाकण उघडलं.

आत हळद-मीठ लावून वाळवलेले दोन मासे. फूटपट्टीसारखे कडक!

"चार म्हयने कोपीच्या छपरावर वाळवले," आई कौतुकाने सांगायला लागली. "मांजर टपलं, कुत्रं टपलं, येकालाबी शिवू दिलं न्हाई. तू म्हनलीस ना, जपून आन!"

नेमक्या तेव्हाच पुष्पाताई दारात. "आले का मासे?"

"आले की!" आत्या पोट धरून म्हणाली. "पर त्यास्नी पवता येत न्हाई!"

मी रडणार होते. खरंच! पण तेवढ्यात आई मोरीत गेली आणि तिने हंडा वाकवला. हंडा रिकामा. नळ उद्या. "ऱ्हाऊ दे, उद्या करीन आंगूळ," ती म्हणाली आणि पदराने तोंड पुसायला लागली. तेव्हा तिचे हात दिसले. उसाच्या पाचटाने कापलेले, रेघारेघांचे.

मी बादली उचलली आणि टाकीत बुडवली. एक बादली, दुसरी बादली, तिसरी. पुष्पाताईंनी वहीत लिहिलं, "टाकी कोरडी."

मोरीतून आईचा आवाज आला, "काय गं टाकलंस पान्यात? लई मऊ लागतंय! हातबी चुनचुनत न्हाईत."

मग ओल्या केसांनी ती रिकाम्या टाकीसमोर बसली. भिंतीला टेकून, हातात चहा.

"काय बगायचं हितं?"

"काही नाही. बस नुसती."

ती बसली. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. दिवेलागण झाली तरी ती उठली नाही!

मासे चांगले लागले. काटे जरा जास्त होते.

दुसऱ्या दिवशी नळ आला. आता आत्या आणि आई दोघी आंघोळीआधी विचारतात, "थेंब टाकलेस का?" तेव्हा कुणाला कंडिशनर निवडायचं असेल, तर खुशाल मला विचारा. हिरवीच घ्या! माणसांना शंभर टक्के गुण येतो. माशांवर प्रयोग व्हायचाय अजून.