मामासाहेबांची कवळी आणि सातव्या प्रश्नाची मोहीम

श्रोत्यांनी सावध होऊन कान इकडे करावा. पूर्वी थोर थोर राजे जाहले, त्यांनी गड घेतले, दर्यात जहाजे लोटली, तहनामे केले आणि मोडले, आणि त्यांचा मजकूर लिहिणारे कलमबहादूरही बहुत जाहले. परंतु प्रश्नोत्तराच्या तासात सातव्या क्रमांकाचा प्रश्न बाराचा ठोका पडण्याच्या आत पुकारून घेणे, ही मर्दुमकी आजवर कोणी लिहिली नाही, कारण ती कोणी केलीच नव्हती. ती दंतवैद्य बाईसाहेबांनी केली. कैसी केली, ते येथे यथास्थित लिहिले आहे. ज्यास खोटे वाटेल त्याने खुशाल सभागृहाच्या प्रेक्षकसज्जात तास घालवून पाहावा, म्हणजे त्याची खोड मोडेल.

बाईसाहेब पेशाने दातांच्या डॉक्टर, आणि पहिल्याच खेपेस निवडून येऊन विधिमंडळात दाखल जाहलेल्या. एके समयी मनोरुग्णालयात दात तपासावयास त्यांची स्वारी गेली असता इस्त्रीघरात एक मावशी भेटल्या. मावशी नऊ वर्षांमागे आजारी होऊन तेथे आल्या, आणि दुसऱ्याच वर्षी खडखडीत बऱ्या जाहल्या, आणि डॉक्टरांनी तैसे लिहूनही दिले, आणि मग त्या सर्व वॉर्डाच्या चादरी इस्त्री करीत तेथेच राहिल्या. कारण कायद्याचे कलम ऐसे की, न्यावयास नातलग यावा आणि त्याने सही करावी. आणि नातलग म्हणजे एकच भाऊ. आणि भाऊ पत्ता बदलून परागंदा. बाईसाहेबांनी मावशींची हलती दाढ पाहून पुसले, "काढू का?" त्यावर मावशी डोळ्यांतून पाणी येईतो हसल्या. "अगं बाई, मला विचारतेस? इथं मला कुणी काही विचारत नाही गं!" मग कारकून धावत आले आणि त्यांनी फर्मावले की, दाढेसही भावाचीच सही लागेल. ऐसा वाद चालू असता दाढेने कोणाची परवानगी न पुसता स्वखुशीने राजीनामा दिला आणि ती बशीत येऊन पडली. दाढ सुटली, मावशी सुटल्या नाहीत. हे बाईसाहेबांच्या जिव्हारी लागले.

मग त्यांनी कायदा दुरुस्त व्हावा म्हणून प्रश्न घातला. त्याच सुमारास समाजकल्याण खात्याच्या समाजसेविकाबाईंनी, ज्या सायकलवरून सर्व मुलूख पालथा घालीत, बऱ्या जाहलेल्या लोकांच्या सामायिक घरात मावशींसाठी एक खोली अडवून ठेविली. परंतु खोलीस मागणारे बहुत, आणि शनिवारी ती दुसऱ्यास द्यावी ऐसा वरून हुकूम. आणि अधिवेशनाचा अखेरचा दिवस शुक्रवार. म्हणजे शुक्रवारी प्रश्न पुकारला तर मावशी बाहेर, न पुकारला तर पुन्हा चादरी, ऐसा सरळ मामला होता.

आता गनीम कोण, ते ऐकावे. प्रश्नाचा क्रमांक सातवा. पहिले पाच प्रश्न घालणाऱ्यांस बाईसाहेबांनी एकेकास गाठून, कोणाची अक्कलदाढ फुकट पाहून, कोणाच्या मुलास तारा बसवून देण्याचे वचन देऊन, थोडक्यात आटपण्यास राजी केले. परंतु सहाव्या क्रमांकावर खासे मामासाहेब, अखंडवाणी बहादूर, समोरच्या बाकावरचे मातब्बर, बाईसाहेबांच्या मातोश्रींचे सख्खे बंधू! त्यांचा प्रश्न बागांतील बाकांच्या रंगाविषयी. मामासाहेब एकदा उभे राहिले म्हणजे अध्यक्ष महाराज चष्मा पुसावयास घेत, मंत्री डुलक्या काढीत, आणि बारा वाजले तरी मामासाहेब 'हे झालं प्रास्ताविक' ऐसे म्हणत.

परंतु दैव कैसे पाहा! गुरुवारी संध्याकाळी मामासाहेब आपण होऊन भाचीच्या दवाखान्यात दाखल जाहले. कवळी डाव्या अंगास टोचते, उद्या मोठे भाषण आहे, तरी रात्रीत घासून द्यावी, सकाळी सभागृहाच्या दालनात घेईन, ऐसे बोलून कवळी स्टीलच्या डबीत घालून ते घरी रवाना जाहले. ती कवळी बाईसाहेबांनीच घडविलेली. म्हणजे शत्रूचा अवघा तोफखाना आपण होऊन पर्समध्ये चालत आला!

मग फोनवर खलबत जाहले. समाजसेविकाबाई म्हणाल्या की, डबी हरवली म्हणावे. मातोश्रींनी तर हुकूमच सोडला, "बारा वाजेपर्यंत देऊच नकोस! साठ वर्षांत त्यानं मला एक वाक्य पुरं करू दिलेलं नाही. उद्या जरा माझाही सूड होऊ दे." बाईसाहेबांनी बराच विचार केला आणि डबी पर्सच्या तळाशी, रुमाल, किल्ल्या आणि चुरगळलेल्या पावत्यांच्या खाली दडविली, आणि वर पर्सची चेन ओढून घेतली.

शुक्रवार उजाडला. मामासाहेब दालनात येऊन उभे, अर्ध्या तोंडावर रुमाल, त्यामुळे कोणी ओळखीना, भाचीस शोधीत. बाईसाहेब खांबाआड. मामासाहेब शिपायास काही पुसू गेले तो फुसफुस निघाली, आणि शिपाई मोठ्याने, सावकाश, एकेक अक्षर तोडून बोलू लागला, जैसे की समोरचा माणूस बहिराही आहे आणि खुळाही. दोन तरुण सभासद हसले. एका कारकुनाने मामासाहेबांस दंडास धरून खुर्चीत बसविले आणि त्यांच्या डोक्यावरून शिपायास म्हटले, "ह्यांना काही कळत नाहीये बहुतेक. बसू दे इथंच." मामासाहेब हात हालवून सांगू पाहत होते आणि कोणी त्यांच्याकडे पाहतही नव्हते.

ते बाईसाहेबांनी खांबाआडून पाहिले. माणसास न पुसता त्याची वस्तू अडकवावी आणि वर म्हणावे की भल्यासाठीच केले, ह्याच रीतीविरुद्ध आपण आज भांडावयास आलो ना? आणि करतो काय? शरमेने त्यांचे कान लाल जाहले. मग त्या खांबाआडून निघून तडक गेल्या आणि डबी मामांच्या हाती दिली आणि सर्व कबूल केले. खोली, शनिवार, मावशी, दाढ, मातोश्रींची मसलत, काही म्हणता काही लपविले नाही.

मामासाहेबांनी कवळी बसविली, एकदा दात वाजविले, आणि विचारले, "ताईनं खरंच सूड म्हटलं?"

"हो, मामा."

"हं," एवढे बोलून ते आत चालते जाहले. बाईसाहेबांच्या मनाने घेतले की, संपले. आता मामा सूर्य मावळेतो बोलणार.

मोहिमेस तोंड लागले. पहिले पाच प्रश्न वचनाप्रमाणे सुटले, एक मात्र, फुटपाथांविषयीचा, अडखळला आणि बराच वेळ खाऊन गेला. सहावा पुकारला. मामासाहेब उभे राहिले. अध्यक्ष महाराजांनी चष्मा काढला. मंत्र्यांनी डोळे मिटले. प्रेक्षकसज्जात समाजसेविकाबाईंनी नखे तोंडात घातली. मामासाहेबांनी सभागृहावर सावकाश नजर फिरविली आणि बोलले, "छापील उत्तर पुरे. उपप्रश्न नाही."

आणि बसले!

ऐसा हाहाकार कधी जाहला नव्हता. अध्यक्ष महाराजांनी तीन वेळा पुसले की, प्रकृती बरी आहे ना. बागांच्या मंत्र्यांनी रंगांचे नमुने आणविले होते, ते रागावून म्हणाले की, मला उत्तर देऊ द्या, आणि त्यांस दोघांनी कोट ओढून बसविले. या गलबल्यात काटा सरकत सरकत बाराजवळ जाऊन भिडला, आणि तेव्हा कोठे सातवा प्रश्न पुकारला.

आरोग्यमंत्र्यांनी छापील उत्तर वाचले. नातलग न आल्याने बरे जाहलेले लोक आत राहतात हे खरे आहे काय? अंशतः खरे आहे. कायद्यात दुरुस्ती करणार काय? प्रश्न उद्भवत नाही. बाईसाहेब उठल्या. त्यांनी अर्ज केला की, भाऊ कधीच आला नाही तर? मंत्र्यांनी अधिकाऱ्यांच्या सज्जाकडे हात मागे केला, तेथून चिठ्ठी आली, आणि त्यांनी वाचले की, दुसरा नातलग. आणि दुसरा नसेल तर? पुन्हा हात, पुन्हा चिठ्ठी: प्रश्न उद्भवत नाही.

काटा आता बाराला चिकटलाच. तेवढ्यात समोरच्या बाकावर मामासाहेब उभे राहिले. बाईसाहेबांनी डोळे गच्च मिटले. गेले! सर्व गेले!

"मंत्रिमहोदय," मामासाहेब म्हणाले, "आज सकाळी घरातून निघताना तुम्ही कुणाची सही घेतलीत?"

मंत्र्यांनी सवयीने हात मागे केला. चिठ्ठी येईना. वर अधिकारी स्वतःच पोट धरून हसत होते. मंत्री चिठ्ठीवाचून उभे, हात रिकामा, आणि सर्व सभागृह टाळ्या पिटीत. मग त्यांनी छापील कागद खाली ठेविला आणि प्रथमच आपल्या मनचे बोलले, "कुणाची नाही घेतली. खरंय तुमचं. जो बरा आहे त्यानं स्वतःच्या सहीनं जावं. आदेश आजच काढतो, कायद्यातली दुरुस्ती पुढच्या अधिवेशनात आणतो." त्यावर बाराचा ठोका पडला. बाईसाहेब बाकावर डोके टेकून रडू लागल्या आणि मग हसू लागल्या, आणि मामासाहेब समोरून रुमाल हालवू लागले.

शनिवारी सकाळी मावशींनी आपल्या हाताने सही केली, अक्षर मोठे आणि तिरके, आणि समाजसेविकाबाईंच्या सायकलच्या मागे एक पिशवी बांधून सामायिक घरी दाखल जाहल्या. जिना चढून सर्व मंडळी मागोमाग: बाईसाहेब, मातोश्री, मामासाहेब, ज्यांनी जिन्यातच एका शेजाऱ्यास गाठून बाकांच्या रंगाचे अवघे भाषण त्याच्या गळी उतरविण्यास आरंभ केला होता. मावशी खोलीत शिरल्या, त्यांनी दार लावले आणि आतून कडी घातली. मग काढली. मग पुन्हा घातली. वॉर्डात कड्या सर्व बाहेरून होत्या.

बाहेर समाजसेविकाबाई घाबरल्या. बाईसाहेबांनी दारावर हळूच टकटक करून पुसले, "मावशी, येऊ का आत?"

आतून कडी आणखी एकवार वाजली, आणि मावशींचा आवाज आला, "थांबा जरा."

तेव्हा विधिमंडळाच्या दोन सभासदांसह सर्व मातब्बर मंडळी जिन्यात पायऱ्यांवर बसली, आणि मावशींची मर्जी होईतो थांबली, आणि कोणासही घाई जाहली नाही. ऐशी ही मोहीम फत्ते जाहली, ती सर्वांच्या माहितीस्तव लिहून ठेविली आहे.