पाठीमागून पेला वाजवणारे नाना

आमच्या पिंप्राळ्यात तुमच्या पाठीमागे अचानक पेला खणखणला तर घाबरू नका. ते आमचे नाना. स्टीलच्या पेल्यावर चमचा मारायचा आणि माणूस वळतो का बघायचं, हा त्यांचा उद्योग. दूधवाल्याची अर्धी किटली त्यापायी रस्त्यावर सांडली. पोस्टमन तर गल्लीत शिरतानाच आधी मागे बघतो.

गंमत म्हणजे पेला वाजला की नाही, हे खुद्द नानांनाच कळत नाही. उभा जन्म दाळमिलच्या खडखडाटात गेला, साठीनंतर कानही गेले. म्हणून साक्षीला मी, समोरची शेजारीण. "वाजनं का वं, माय?" असं विचारलं की गॅसवर फोडणी जळत असली तरी मी मान डोलवायची. काय कटकट!

नानांचे वडील म्हातारपणी ठार बहिरे, आजोबाही तसेच, आणि त्या दोघांनी मिलचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "थोडं रक्तातून आलंय, थोडं मिलच्या आवाजानं केलंय."

नाना भडकले, सगळं खापर मिलवरच फोडू लागले. "हाऊ डॉक्टर येडा शे! बठ्ठं मिलनं शे!"

मी ओरडून म्हटलं, "नाना, कुणाचं का असेना, कान परत येणारेत का?"

"मिलनं व्हई तर मन्हापाशीच थांबी, माय. रगतनं व्हई तर मन्ही सुनंदाले लागी."

सुनंदा ही त्यांची एकुलती लेक. धुळ्याला दिलेली, शाळेत शिकवते, आता पन्नाशीला आली. गल्लीभर चाललेली ती पेल्याची तालीम तिचे कान तपासण्यासाठी होती. त्या दिवसापासून मला नानांचं हसू येईनासं झालं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुनंदा माहेरी आली. ओट्यावर पुरणाची डाळ निवडत बसली होती. नाना मागे जाऊन उभे राहिले. पेला असा खणखणला की माझ्या दारातली मांजर पळाली. सुनंदा खाली मान घालून डाळ निवडतच राहिली.

नानांनी पळणाऱ्या मांजरीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "वाजनं का वं?"

मी जोरजोरात नकाराची मान हलवली. "नाही हो नाना, चमचा नीट लागलाच नाही!"

आता त्यांनी पुन्हा मारून बघायला हवं होतं. त्यांनी मारला नाही. पेला भिंतीशी ठेवला, कण्हत लेकीच्या समोर जाऊन बसले, तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं आणि ओठ मोठे करून, एकेक शब्द सावकाश सांगत तिच्याशी बोलू लागले.